वरचा खडक जुना, खालचा नवा

अलापूल सोडलं तेव्हा पाऊस भुरभुरत होता. उत्तरेकडे जेमतेम अर्धा तास गेलं की नॉकन क्रॅग हा कडा येतो. स्कॉटलंडच्या या कोपऱ्यात समोर कुल मोर, कुल बेग, स्टॅक पॉली असे सुटे सुटे डोंगर उभे आहेत, एकेकटे आणि रुबाबदार. गाडीतून उतरल्यावर सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. माझाही वळला.

गंमत अशी की ते डोंगर घड्या पडून वर आलेले नाहीतच. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे आडवे थर, आजूबाजूचं सगळं झिजून गेल्यावर उरलेले. खरी पुराणी पर्वतरांग आमच्या पाठीमागे होती: गवताळ, बुटका, कुणी वळूनही पाहू नये असा कडा.

पायवाटेने चढलो आणि ज्यासाठी आलो ती जागा ओलांडून पुढेही गेलो. मला वाटलं होतं, मोठी भेग वगैरे दिसेल. परत येऊन नीट पाहिलं तर कड्यात एक स्वच्छ रेघ होती. खाली पिवळसर करडा चुनखडक, वर काळपट, पापुद्रे सुटलेला शिस्ट, म्हणजे खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक. हात आडवा धरून करंगळी चुनखडकावर टेकवली, अंगठा शिस्टवर. करंगळीखाली साधारण ५० कोटी वर्षं, अंगठ्याखाली त्याच्या जवळजवळ दुप्पट. जुनं वर, नवं खाली.

या रेघेवरून एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांची चांगलीच जुंपली होती. मर्चिसन म्हणत, वरचा थर तो नंतरचा, त्यात काय मोठं? ते भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रमुख, त्यामुळे दुसरे भूवैज्ञानिक निकोल यांचा विरोध दबून गेला. पुढे लॅपवर्थ यांनी थर इंच इंच तपासले. आपल्या अंगावरून तो वरचा खडक घासत जातोय असे भास त्यांना आजारपणात होत, असं सांगतात. रेघेलगतच्या चिरडलेल्या खडकाला त्यांनी १८८५ मध्ये ‘मायलोनाइट’ नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जातं. इतकं चपखल नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी पीच आणि हॉर्न यांनी हा सगळा प्रदेश नकाशावर उतरवला. त्यांचा ग्रंथ १९०७ चा. आता दोघांचे पुतळे इथेच आहेत.

झालं होतं ते असं. इथे आयापेटस नावाचा महासागर होता. त्याचा तळ भूपट्टांखाली सरकत गेला, महासागर आक्रसला आणि काठावरची भूखंडं एकमेकांवर आदळली. ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या रेट्यात खोलवर भाजून निघालेला शिस्ट पश्चिमेकडे कित्येक किलोमीटर ढकलला जाऊन कोवळ्या चुनखडकावर चढला. हिमालयात मेन सेंट्रल थ्रस्ट या मोठ्या भेगेवर हेच घडलंय, फक्त तिथे डोंगर अजून डोक्यावर आहे. इथे छप्पर उडालंय आणि आपण तळघरात उभे आहोत.

छप्पर उडायलाही वेळ लागतो, कारण पर्वताला खाली मूळ असतं. पाण्यात तरंगणारा ओंडका वरून तासला की तो थोडा वर येतो, पर्वतही तसाच. पाऊस माथा खातो, मूळ उचललं जातं, पुन्हा माथा खायला मिळतो. असं करत करत एकेकाळी खूप खोल असलेला खडक उन्हात येतो. मग अटलांटिक उघडला आणि या पट्ट्याचे तुकडे पांगले: काही नॉर्वेत, काही ग्रीनलंडमध्ये. अमेरिकेतला अ‍ॅपलाचियन हा त्याचाच भाऊबंद.

शिस्टमध्ये अभ्रक चमकत होतं. आणखी थोडं थांबायचं होतं, पण पाऊस थांबला आणि मिज हे बारीक चावरे कीटक आले. डोळ्याला नीट दिसतही नाहीत, पण कानात, बाह्यांत, चष्म्याआड सगळीकडे घुसतात. धावत खाली.

दोन दिवसांनी ऑर्कनी बेटांवर स्टेनेसच्या उभ्या शिळांजवळ गेलो. माणसांनी त्या सुमारे ५००० वर्षांपूर्वी रोवलेल्या. दगड फरशीसारखा, कडेने पाहिलं तर पातळ पातळ थर. जुन्या तळ्याचा गाळ तो, नॉकनच्या पर्वतरांगा झिजत असताना साचलेला. नॉकनला हरवलेला माथा निदान थोडासा इथे सापडला म्हणून मी करंगळी आणि अंगठा पुन्हा टेकवले. या वेळी दोन्ही एकाच दगडावर.