सातऱ्यावरून आलेले सहा आकडे

नागपुरातील एका खाजगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी वीजतंत्री या व्यवसायाची शिल्पनिदेशक आहे, आणि शिकवण्याच्या जोडीने प्रशिक्षणार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे कामही चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी संधात्याच्या, म्हणजे वेल्डरच्या, वर्गातील एक मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात चार घड्या घातलेला अर्ज होता.

"मॅडम, टीसी पायजे होती."

"काहून रे? चार महिन्यांवर परीक्षा आली."

"ऑफिसात 11,000 भरा म्हणते. मायनं बचत गटातून उचलतो म्हटलं, पण पयलंच कर्ज फिटलं नाही अजून."

हा मुलगा कुही तालुक्यातील एका गावातून रोज एसटीने येतो. त्याची आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडण्याच्या कामावर, जाते आणि हंगामात रविवारी तोही तिच्यासोबत बसतो. त्याचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला होता, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होते आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा त्याचा अर्ज मी स्वतः महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवर, तपासून पुढे पाठवलेला होता. ही योजना 1944 पासून चालू आहे. 2021 पासून तिचा केंद्राकडील 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि विद्यार्थ्याने त्यातून संस्थेचे शुल्क भरायचे असते. आयटीआयचे अभ्यासक्रम तिच्या चौथ्या गटात मोडतात. त्या गटात घरून ये-जा करणाऱ्याला शुल्काखेरीज वर्षाला 2,500 रुपये भत्ता आहे.

मी यादी उघडली. त्याच्या नावासमोर डिसेंबरमध्येच रक्कम वितरित झाल्याची नोंद होती, आणि तिच्याजवळ मीच निळ्या पेनाने बरोबरची खूण केलेली होती. ती खूण मला आजही दिसते. वितरित झाले म्हणजे मुलाच्या हाती पडले, असे मी धरून चालले होते, आणि त्या अडीच महिन्यांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते. त्याने पासबुक पुढे केले. गावाजवळच्या बँकेचे ते खाते शिष्यवृत्तीसाठीच उघडलेले होते आणि पहिल्या पानावर आधार जोडल्याचा शिक्काही होता, पण डिसेंबरपासूनच्या नोंदींत 200 रुपयांपेक्षा मोठा आकडा नव्हता.

या कामात असलेल्यांना ठाऊक असलेली, पण मुलांना आणि पालकांना कोणी नीट न सांगणारी गोष्ट येथे आड येते. खात्याला ओळखीचा पुरावा म्हणून आधार जोडणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते जोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची नोंद भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, असते. तेथे एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते, आणि नवी बँक जोडली गेली की आधीची आपोआप सुटते. विद्यार्थ्याने हाताशी कोणते पासबुक ठेवले आहे, याचा त्या नोंदीशी काही संबंध नसतो.

ही नोंद आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते, परंतु त्यासाठी लागणारा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल आईजवळ होता. मुलाने फोन लावला. सातऱ्यावरची बडबड आणि खोकला मला टेबलापलीकडून ऐकू येत होता. आईचे हात तिखटाने माखलेले असल्यामुळे तिने फोन शेजारच्या बाईला दिला आणि त्या बाईने एकेक आकडा थांबून थांबून वाचून दाखवला. पाचवा आकडा तीन आहे की आठ, यावर त्यांच्यात थोडी चर्चा झाली. सहावा आकडा टाकताच पडद्यावर बँकेचे नाव उमटले, आणि ते पासबुकावरच्या बँकेचे नव्हते.

मुलगा बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिला. मग त्याला आठवले की पावसाळ्यात आठवडी बाजारात नवे सिम घेताना दुकानदाराने यंत्रावर दोनदा अंगठा घेतला होता. दुसरा अंगठा मोबाइल कंपनीच्याच पेमेंट बँकेत खाते उघडण्याचा होता, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. रिचार्ज न केल्यामुळे ते सिम दिवाळीआधीच बंद पडले आणि रक्कम जमा झाल्याचा संदेश त्या बंद क्रमांकावर गेला.

मी प्राचार्यांना सांगून निघाले आणि आम्ही दोघे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, त्या बँकेचे व्यवहार करणाऱ्या दुकानात गेलो. तेथे नवीच अडचण उभी राहिली. यंत्र त्याचा अंगठा ओळखेना. मी त्याचा हात उजेडात धरून पाहिला, तेव्हा बोटांच्या टोकांची कातडी लालसर होऊन पापुद्र्यांसारखी सुटलेली होती. मिरचीने हे होते आणि आईचे तर कायमचेच झाले आहे, असे त्याने सांगितले. दुकानदार मात्र भला माणूस होता. त्याने हात धुवायला लावले, रुमालाने कोरडे करवले आणि एकेक बोट लावून पाहिले. डाव्या हाताच्या अनामिकेवर यंत्राने हिरवा दिवा दाखवला.

खात्यात 12,600 रुपये होते. 18,500 रुपये शुल्क आणि 2,500 रुपये भत्ता मिळून 21,000 रुपये, आणि त्याचे बरोबर 60 टक्के. मी ते दुकानातल्याच एका पावतीच्या पाठीवर मांडून त्याला दाखवले, कारण हा पैसा कोठून आणि कशाचा आला हे त्याला कळणे मला रकमेइतकेच महत्त्वाचे वाटत होते. यंत्रावर एका वेळी 10,000 रुपयेच निघतात, म्हणून उरलेले दुसऱ्या दिवशी काढले. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने आईला फोन केला आणि एवढेच म्हटले, "माय, गटातून नको उचलू."

शुल्क भरले गेले. सोमवारी त्याने गावाजवळच्या बँकेत आधार पुन्हा जोडण्याचा संमतिअर्ज दिला आणि पोच आणून मला दाखवली. पडद्यावर बँकेचे नाव बदलायला नऊ दिवस लागले आणि ते नऊही दिवस आम्ही रोज दुपारी पाहत होतो. राज्याचा वाटा अजून यायचा आहे, शिवाय परीक्षेनंतर त्याला बुटीबोरीत शिकाऊ उमेदवारी करायची आहे. तेथील विद्यावेतनातला केंद्राचा भाग, 25 टक्के आणि जास्तीत जास्त महिना 1,500 रुपये, हाही आता उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतो. तेव्हा ही नोंद दुरुस्त करणे एका हप्त्यापुरते नव्हते.

त्याच आठवड्यात मी माझ्या नोंदवहीत एक नवा रकाना आखला: "आधार कोणत्या बँकेशी". त्यात मुलाने सांगितलेले नाव नव्हे, तर पडद्यावर माझ्यासमोर दिसलेले नाव मी लिहिते. शिष्यवृत्तीच्या 41 अर्जदारांपैकी 38 जणांचे पाहून झाले आहे. त्यांत आणखी तिघांच्या नावासमोर भलतीच बँक निघाली, आणि त्यांच्यापैकी एका मुलीने टीसीचा अर्ज करायचे मनात आणले होते. राहिलेल्या तिघांना मी उद्या साडेदहाला बोलावले आहे, घरचा फोन सोबत घेऊन.