डिस्प्ले येत नाही

कॉम्प्युटरच्या बाकीच्या आजारांत एक सोय असते. काय दुखतंय ते तो स्वतःच सांगतो. निळा स्क्रीन आला तर त्यावर निदान एक अगम्य कोड असतो, तो मोबाईलवर शोधता येतो. प्रिंटर रुसला तरी कोपऱ्यात तक्रार उमटते. पण पडद्यावर चित्र पाठवणारं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि डिस्प्लेच आला नाही, तर विचारायचं कोणाला? जे काही सांगायचं ते पडद्यावरच सांगणार, आणि पडदा काळा. घरात एकच माणूस बोलका असावा आणि नेमका त्याचाच घसा बसावा, तशी गत होते.

भाच्याने साठवलेल्या पैशांत माझी थोडी भर घालून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून कार्ड आणलं. बसवलं. पंखे फिरले, कॅबिनेटभर रंगीत दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ असं एकदा उमटून अंधार झाला. तिसऱ्या मिनिटाला निकाल लागला होता : “मामा, कार्ड डेड आहे. परत देऊन येतो.”

नवं कार्ड मेलेलं निघतच नाही असं नाही, पण संशयितांच्या रांगेत ते शेवटी उभं असतं. आधी यंत्र जिवंत आहे का ते बघावं, आणि त्यासाठी पडदा लागत नाही. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. बारीक दिवा लागतोय आणि विझतोय? मग आत यंत्र जिवंत आहे. विंडोज ११ असेल तर सुरू होतानाचा सूरही स्पीकरमधून ऐकू येतो. अशा वेळी अंधारात पासवर्ड टाइप केला तरी ते निमूटपणे आत घेतं. फक्त आपल्याला दिसत नाही, एवढंच.

काळ्यातही प्रकार आहेत. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून पडद्याकडे निरखून बघायचं. मागून मंद उजेड येत असेल तर मॉनिटरला काहीतरी मिळतंय, पण ते काळं आहे. मिट्ट अंधार असेल तर काहीच मिळत नाही. आणि काळ्यावर माउसचा बाण फिरत असेल तर निम्मी लढाई जिंकली. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

पूर्वी ही यंत्रं बोलायची तरी. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत एक स्पीकर असायचा आणि डिस्प्लेचं काही बिनसलं की एक लांब, दोन आखूड बीप वाजायचे. पडदा गेला तर कानात सांगावं, एवढं त्या मंडळींना सुचलं होतं. आता बऱ्याच कॅबिनेटमधून तो स्पीकर गायब आहे. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डावर, त्याच्या पिना तेवढ्या उरल्यात. त्याऐवजी काही बोर्डांवर चार सूक्ष्म दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सुरू होण्याची डिस्क). जिथे अडलं तो दिवा पेटलेला राहतो. (व्हीजीएचं पोर्ट नव्या कार्डांवरून कधीच गेलं, पण १९८७ सालचं ते नाव दिव्यापाशी अजून छापतात.) कॅबिनेटभर सप्तरंगी झगमगाट असताना हा एक कामाचा दिवा शोधायला मात्र मोबाईलचा टॉर्च मारावा लागतो. याला काय म्हणावं!

मग विजेचा हिशेब. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर जोडायची. सहा पिनांची आणखी ७५ वॅट आणते, आठ पिनांची १५०. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसच्या लेबलवरच्या आकड्यावर माझा अजिबात विश्वास नाही. आठ पिनांचा प्लग पुष्कळदा सहा आणि दोन असा फुटलेला असतो, आणि त्यातल्या दोन पिना अर्धवट बाहेर राहतात. ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबायचं. स्लॉटच्या टोकाच्या खिटीचंही तेच. काही कार्डं मात्र शहाणी असतात. वायर जोडली नाही तर पडद्यावर चक्क तसं लिहून दाखवतात.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार जुन्या, सेकंड हँड कार्डांचा. नव्या बोर्डाच्या यूईएफआयला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, जे हवं ते या कार्डांत नसतं, म्हणून बोर्डाच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सीएसएम नावाची सोय चालू करावी लागते. ते सेटिंग कुठे दिसणार? पडद्यावर. प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून आत शिरता येतं. इंटेलचा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला, म्हणजे पोटात ग्राफिक्स नसलेला, प्रोसेसर घेऊन चार पैसे वाचवले असतील, तर शेजाऱ्याकडून कार्ड उसनं आणा.

आईने दारातून सल्ला दिला, “थोडा वेळ प्लग काढून ठेव, डोकं शांत होईल त्याचं.” भाचा हसला. पण प्लग काढून पॉवरचं बटण दाबून धरणं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, हा कुठल्याही हार्डवेअरवाल्याचा पहिला उपाय आहे. दुसरा उपाय रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवण्याचा. तो आपल्याकडे कार्डालाही लावतात.

भाच्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता. मॉनिटरची केबल होती तिथेच होती, मदरबोर्डच्या पोर्टात. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आपलं ते पोर्ट मुकाट्याने बंद करतात. केबल कार्डात घालायला हवी हे त्याला सांगितल्यावर त्याने बॉक्समधली नवी डिस्प्लेपोर्टची केबल काढून लावली. तरी अंधारच. कारण मॉनिटर आधीच्या केबलच्या, एचडीएमआयच्या इनपुटवर अडून बसलेला. इनपुट बदलायची बटणं मॉनिटरच्या खालच्या कडेला, दिसणार नाहीत अशी, एकसारखी आणि बिननावाची असतात. चाचपडत एक दाबावं तर मॉनिटरच बंद होतो. ही रचना करणाऱ्याला एकदा खाली वाकून, मान वाकडी करून ती वापरायला लावली पाहिजे.

शेवटी चित्र आलं, पण बटाट्याएवढी आयकॉन घेऊन. “हे असंच राहणार?” नाही रे बाबा, ड्रायव्हर घालायचाय अजून. तो घालताना मध्येच पडदा काही क्षण पुन्हा काळा होतो. भाचा “गेलं!” म्हणून ओरडला आणि त्याचा हात पॉवरच्या बटणाकडे निघाला. मी तो वरच्यावर धरला.