तुम्ही विचारलंत म्हणून: मांजर त्याला खात नाही का?

शेजारच्या काकू, लातूरची नणंद, दूध घालायला येणारा पोरगा, सगळे हेच विचारतात. एका घरात चांदू ससा, मनी मांजर आणि वाघ्या कुत्रा म्हटल्यावर प्रश्न येणारच. पण नुसतं "नाही हो" म्हणायचा मला आता कंटाळा आलाय.

खाल्लेलं नाही. पण त्यांची मैत्री आहे, असंही मी म्हणत नाही. मनी चांदूच्या शेजारी झोपते, त्याचे कान चाटते. ते फोटो बघून तुम्हीच "किती गोड" म्हणता. मी घरात नसले की मधल्या दाराला कडी असते, हे फोटोत दिसत नाही. मांजराचं नख लागलेली बारीक जखमही चिघळून सशाच्या जिवावर येते, म्हणून मनीची नखं मी कापते. वाघ्या जाळीपलीकडेच. गोचिडांसाठी त्याला फिप्रोनिल मारायचं बंद केलंय, कारण ते सशाला विषारी.

मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. परभणीचा मे. दुपारी लाईट गेली, कूलर बंद. चांदू शहाबादी फरशीवर पोट टेकून पसरला होता आणि मी ओल्या फडक्यानं त्याचे कान पुसत होते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. तेवढ्यात मनी अंगणातून आली. तोंडात खार, अजून हलणारी. ती तिनं थेट चांदूपुढे आणून टाकली.

चांदूनं मागचा पाय फरशीवर आपटला. एकदाच. मग दिवाणाखाली गेला तो बाहेर येईना. संध्याकाळी हरळी ठेवली, कोथिंबीर ठेवली, तोंड लावलं नाही. लेंड्या बंद. रात्री तो दात खाऊ लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. भीतीनं किंवा उन्हानं सशाचं खाणं थांबलं की आतडं मंदावतं, अर्धा दिवस तसाच गेला तर जिवावर बेततं. एका डॉक्टरांना फोन केला. "आम्ही गाई-म्हशी बघतो, सशाचं एवढं काय?" घरातही तेच, "ससाच तर हाय, दुसरा आणू." त्या रात्री मी कुणाशीच बोलले नाही.

सकाळी पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. पोट चाचपून आतडं तटलेलं नाही ना ते बघितलं, कातडीखाली सलाईन दिलं, आणि खाद्य भिजवून बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं भरवायला सांगितलं. रात्रभर तेच केलं. पहाटे दिवाणाखाली तीन-चार लेंड्या दिसल्या. बारीक, कोरड्या, वेड्यावाकड्या. त्या तळहातावर घेऊन मी रडले.

मग सगळे म्हणाले, मनीला सोडून या. का? मांजरानं खार धरली, हा काय गुन्हा झाला?

पूर्वी मीच सांगत फिरायचे, लहानपणापासून एकत्र वाढवले की जनावरं एकमेकांची होतात. आता तसं म्हणवत नाही. पण वेगळं ठेवलं तर चांदू दाराच्या फटीला नाक लावून बसतो आणि मनी पलीकडून पंजा घालते. कधी तो तिच्याजवळ धपकन कुशीवर पडतो, आणि निर्धास्त असल्याशिवाय ससा असा पडत नाही. दुसरीकडे, ज्याला सगळेच खायला टपलेले असतात ते जनावर भीती आणि दुखणं लपवतं, हेही खरं. यातलं चांदूचं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज बघते, रोज वेगळं वाटतं.

तेव्हा मांजराचं विचारू नका, तो आज जेवला का ते विचारा. आणि गाजरं आणू नका हो, त्यात साखर फार. आणायचीच तर फवारा न मारलेली हरळी आणा.