पगार थकलेला आरोग्यसेवक

दक्षिण सुदानमधल्या अवेलला ऑक्टोबर म्हणजे मलेरियाचा कहर. पाऊस सरत आलेला, जिकडे तिकडे पाणी तुंबलेलं आणि आमच्या बालरुग्ण विभागात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. २०२४ च्या ऑक्टोबरात सकाळचा राउंड चालू असताना एक पन्नाशीचे गृहस्थ सायकल ढकलत थेट इमर्जन्सीच्या दाराशी आले. कॅरियरवर एक बाई, तिच्या मांडीवर दोनेक वर्षांचा मुलगा. त्याला झटके येत होते.

दुभाष्या यायच्या आत त्या गृहस्थांनीच इंग्रजीत हिस्टरी दिली. तीन दिवस ताप, रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह, मध्यरात्रीपासून झटके. ते गावच्या केंद्राचे आरोग्यसेवक होते. उरलेली शेवटची टेस्ट किट त्यांनी याच मुलासाठी वापरली होती. मलेरियाच्या गोळ्या मात्र केंद्रात कित्येक महिने आल्याच नव्हत्या.

रक्तातली साखर पार खाली. ग्लुकोज, मलेरियावरचं आर्टेसुनेट, झटके थांबवायला डायझेपाम भराभर दिलं. तळवे पांढरेफटक, हिमोग्लोबिन ३.१. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या बराच खाली, म्हणजे वर तीव्र कुपोषणही. रक्त द्यायलाच हवं होतं आणि आमच्याकडे रक्तपेढी नव्हती. आई गरोदर. बाप सैन्यात, कुठल्या तळावर ते तिला ठाऊक नाही. आरोग्यसेवकांनी बाही वर केली. सुदैवाने गट जुळला.

रक्त काढताना मी विचारलं, शेवटचा पगार कधी झाला? म्हणाले, मागच्या वर्षी.

या सरकारच्या तिजोरीत येणारा ९० टक्क्यांच्या आसपास पैसा तेलाचा. तेल इथलं, पण समुद्र नाही. पाइपलाइन शेजारच्या सुदान देशातून तिथल्या पोर्ट सुदान बंदराला जाते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य पाइपलाइन फुटली, निर्यात अडली, इथलं चलन, पाउंड, कोसळलं. नर्स, शिक्षक, सैनिक, सगळ्यांचे पगार थकले. उत्तरेकडून येणारा मालही महागला. या आरोग्यसेवकांचा मदतनीस कोळसा विकायला लागला. हे मात्र रिकामं केंद्र रोज उघडत होते.

या देशात दहातलं जवळपास एक मूल पाच वर्षांचं होत नाही. भारतात ते प्रमाण हजारी तीसच्या घरात, आणि मेळघाटात असताना तेही मला सोसवत नसे. लोक ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा माझा संताप होतो. ही बाई ताप आला त्याच दिवशी केंद्रात गेली होती. तिथे शिकलेला माणूस हजर होता. नव्हतं ते औषध, आणि ते का नव्हतं याचा जाब इथली राजधानी जुबाला, सुदानच्या खार्टूमला आणि हात आखडता घेणाऱ्या देणगीदार देशांना विचारायला हवा.

संध्याकाळी त्याच वाटेवरच्या एका गावातून आणलेली मुलगी दारातच दगावली. तिच्या घरच्यांना सायकलही मिळाली नव्हती.

मुलाने पहाटे डोळे उघडले, चमच्याने दूध घेतलं. आरोग्यसेवक रात्रभर तिथेच होते. निघताना त्यांनी पैसे मागितले नाहीत. किट आणि गोळ्या मागितल्या. स्टोअरमध्ये हुज्जत घालून मी दोन खोकी मिळवली. ऑक्टोबरात एवढं आठवडाभर पुरेल, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येऊ का, असं विचारलं. मी ‘या’ म्हटलं, आणि वरिष्ठांना पत्र लिहायला बसले.