जुन्या इंग्लिश घरात ऊब टिकवायची तर आधी माळा, भिंत शेवटी

इंग्लंडमधल्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या टेरेस (म्हणजे रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्या) घरांची बाहेरची भिंत बहुधा नऊ इंची सलग विटांची असते, मधे पोकळी नसते. हीटिंग बंद केलं की तासाभरात गारठा. नवं घर घेतलेले आपले लोक म्हणूनच आधी भिंतीला हात घालतात. तेच काम सगळ्यात महाग आणि सगळ्यात जोखमीचं.

सुरुवात माळ्यापासून, म्हणजे छपराखालच्या पोकळीपासून करा. ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंच्या लोकरीचा) १०० मिमी थर जॉइस्टच्या, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांच्या मधल्या गाळ्यांत आणि त्यावर १७० मिमीचा थर आडवा, म्हणजे लाकडातून निसटणारी उष्णताही अडते. वूल दाबून कोंबू नका. त्यात अडकलेली हवाच खरं काम करते. छपराच्या कडेला ५० मिमी फट मोकळी ठेवा. ती बुजली की बाष्प साचून थंडीत वाशांवरून पाणी ठिबकतं. वायरी वूलखाली गाडल्या तर तापतात, त्या वर घ्या. पाण्याची टाकी वरून आणि बाजूंनी गुंडाळा, पण तिच्याखाली वूल नको. खालच्या खोलीची ऊब मिळते म्हणून ती गोठत नाही. माळ्याच्या झडपेला जाड फोम आणि कडेने रबरपट्टी लावायची हमखास राहून जाते.

मग फटी. स्कर्टिंगखाली सीलंट, वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्यांना ब्रशपट्टी, बंद पडलेल्या धुराड्यात मेंढीच्या लोकरीचा काढता येणारा बोळा. मात्र बाहेरच्या भिंतीतले एअरब्रिक (हवा खेळण्यासाठीच्या भोकांच्या विटा) कधीही बुजवू नका. लाकडी जमिनीखालची हवा कोंडली की जॉइस्ट कुजतात.

भिंतीला आतून ऊब टिकवणारा थर लावायचाच असेल, तर आधी गळके पन्हाळे दुरुस्त करा. मग ४० ते ६० मिमी वुडफायबर बोर्ड आणि वर चुन्याचा गिलावा. फोमचे बोर्ड आणि जिप्सम स्वस्त पडतात, पण ओल आत अडकते. आतून झाकल्यावर वीट आणखी गार पडते आणि तिच्यात रुतलेली जॉइस्टची टोकं कुजू शकतात. खिडकीच्या आतल्या कडांना निदान २० मिमी थर हवाच, नाहीतर बुरशी नेमकी तिथेच धरते.

फटी बुजल्या की भात-वरणाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे जास्तच नडतात. एक्झॉस्ट फॅनचा पाइप घराबाहेर काढा. माळ्यावर सोडलेला बरेचदा दिसतो.

ठेकेदाराने माल आणून बसवला, तर ग्रेट ब्रिटनमध्ये घराच्या इन्सुलेशनवर (ऊब टिकवणाऱ्या अशा थरांवर) ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. दुकानातून स्वतः आणलेल्या मालावर मात्र २० टक्के द्यावाच लागतो.