तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना घरी का शिकवता?

दर दोन-तीन वर्षांनी नव्या छावणीत आमचे सामान उतरते आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आपुलकीने विचारते, "दोन्ही मुलांना विशेष मदतीची गरज आहे, मग तज्ज्ञ शिक्षकांच्या शाळेत न घालता घरी का शिकवता?" आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून धर्मशिक्षणासाठी हा मार्ग निवडला असावा, असेही अनेकांना वाटते. विश्वासाचा यात मोठा वाटा आहे. परंतु सुरुवात झाली ती पतीच्या लष्करी बदल्यांमुळे.

माझा थोरला मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि फार थोडे शब्द बोलतो. सात वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तीन शाळा झाल्या. घंटेचा आवाज, मधल्या सुट्टीतला गलका, हात धरणाऱ्या व्यक्तीचा स्पर्श, हे सारे अशा मुलाला प्रत्येक शाळेत पुन्हा ओळखीचे करून घ्यावे लागते आणि नव्या बाईंनाही त्याच्या खुणा कळायला महिने जातात. तो कानांवर हात ठेवतो तेव्हा हट्ट करत नसून गोंगाट असह्य झाल्याचे सांगत असतो, हे एका बाईंच्या लक्षात येईपर्यंत वर्ष सरत आले होते आणि आमच्या हाती बदलीचा हुकूम पडला होता. पुढच्या ठिकाणी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून झाल्या आणि वाचा-उपचारांच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव पुन्हा तळाशी गेले. तिथल्या शाळेत महिनाअखेरीस त्याच्या दप्तरात एकाच फुग्याचे चित्र रंगवलेली २६ पाने सापडली. त्या रात्री आम्ही ठरवले की गाव बदलले तरी शिकवणारे माणूस आणि शिकवण्याची रीत बदलू द्यायची नाही.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली विकसित केलेली 'पेक्स' ही चित्रांच्या देवाणघेवाणीतून संवाद साधण्याची पद्धत आम्ही त्याच्यासाठी वापरतो. हव्या असलेल्या वस्तूचे चित्र मूल समोरच्याच्या हातात देते आणि मागणे हे कोणाकडे तरी करायचे असते, हे त्यातून शिकते. त्याची चित्रांची पाटी सामानात सर्वांत शेवटी बांधली जाते आणि नव्या घरी सर्वांत आधी भिंतीवर लागते. तिच्यावर 'घरी' आणि 'ड्यूटीवर' असे दोन चौकोन आहेत. वडील निघाले की त्यांचा फोटो तो स्वतः दुसऱ्या चौकोनात लावतो. परतीची तारीख मात्र आम्ही तिथे कधीच लावत नाही. एकदा लावली होती, ती तारीख टळली, आणि त्यानंतर कित्येक दिवस तो दारापासून हलला नाही.

धाकट्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरे वाचणे-लिहिणे तिला अवघड जाते. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३० च्या दशकात पुढे आलेल्या पद्धतीप्रमाणे ती डोळे, कान आणि हात एकाच वेळी वापरून अक्षरे शिकते. वाळूत बोटाने 'घ' आणि 'ध' गिरवताना तोंडाने उच्चारही करते. तिची खरी अडचण ऱ्हस्व वेलांटीत होती. ती अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, हा उलटा क्रम तिला काही केल्या पटत नव्हता. त्या एका वेलांटीला आम्ही तीन आठवडे दिले, जे भरलेल्या वर्गात कोणत्याही बाईंना शक्य झाले नसते.

आता विश्वासाविषयी. मुलाचे निदान झाले तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींनी दबक्या आवाजात आमच्या पापाची चर्चा केली आणि मीही अनेक रात्री स्वतःला तोच प्रश्न विचारत राहिले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य नेमके हेच विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. तो अध्याय मी पूर्वीही वाचला होता. त्या वर्षी मात्र तो माझ्यासाठी लिहिला आहे असे वाटले. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातल्या मोशे या संदेष्ट्याला बोलणे जमत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलायला देव त्याला त्याचा भाऊ अहरोन देतो. आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलगा पाटीवरून वडिलांचा फोटो काढून माझ्या तळहातावर ठेवतो आणि मी त्याच्या वतीने शब्द म्हणते. ती प्रार्थना त्याची आहे, माझी नव्हे.

शाळा वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील चोविसावे कलम सर्वसमावेशक शिक्षण हा मुलांचा हक्क मानते आणि तो मागणाऱ्या प्रत्येक आईच्या बाजूने मी उभी राहीन. घरी शिकवत असले तरी वाचा-उपचारतज्ज्ञांवाचून माझे चालत नाही. पती मोहिमेवर असताना आजारी पडण्याचीही मला भीती वाटते, कारण त्या दिवशी मुलांची आई आणि शिक्षिका दोन्ही एकदमच अंथरुणाला खिळतात.

तुमच्या मुलाला समजून घेणाऱ्या बाई मिळाल्या असतील, तर त्याला त्याच शाळेत राहू द्या. फक्त, तो घाबरला की काय करतो, कशाने शांत होतो आणि कोणत्या खुणेने 'नको' म्हणतो, हे त्यांच्याकडून एका वहीत लिहून घ्या आणि बदलीच्या वेळी ती वही ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा.