गाडी आली की आधी पिशवी

मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन आला. "बाई, गाडी आली." एवढंच, आणि मागे पातेली आदळल्याचा आवाज. कणीक तशीच टाकून निघाले, तरी पुलाखाली पोचेपर्यंत तिथल्या झोपड्या उचलून महापालिकेचा डंपर निघून गेला होता. पाऊस धरलेलाच होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी या पुलाखाली राहणाऱ्या नऊ कुटुंबांच्या मुलांना वाचायला शिकवते. आया दिवसा सिग्नलवर गजरे विकतात, लग्नसराईत रात्री हॉलवर भांडी घासतात. सातवीतली मुलगी भिजत उभी होती. तिचं दप्तर गाडीत गेलं होतं. ताडपत्री, बांबू, धाकट्याची वळकटी, सगळंच गेलं. आजीनं मात्र एक निळी प्लास्टिकची पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. आत आधार कार्डं, बाळाच्या लशींचं कार्ड, मुलीचा शाळेचा दाखला. "पातेलं परत घेता येतं बाई, कागद कुठून आणू?" शेजारच्या कुटुंबाची पिशवी गाडीतच गेली. नोटीस कुणालाच मिळाली नव्हती.

"बेघरांच्या निवाऱ्यात का जात नाहीत ही माणसं?" हा प्रश्न मला आमच्या सोसायटीत नेहमी विचारतात. त्याच रात्री मी त्या मुलीच्या कुटुंबाबरोबर निवारा शोधायला गेले. आजी, नवरा-बायको, तीन मुलं. पहिल्या ठिकाणी फक्त पुरुष घेतात. दुसऱ्या ठिकाणी बायका आणि लहान मुलं चालतील, पण बाप आणि चौदा वर्षांचा मुलगा नाही. मुलांची आई मोठ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला रात्री कुठं सोडू?" मला उत्तर देता आलं नाही. साडेअकराला आम्ही परत पुलाकडे आलो. आधीच्या जागेपासून पन्नास पावलांवर त्यांनी पुठ्ठे अंथरले.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं होतं की मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्येकात शंभर माणसं धरली तरी साडेबारा हजारांचीच सोय होते, आणि त्याच जनगणनेत शहरातले बेघर ५७ हजारांवर होते. तेही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलेले. त्या रात्री हॉलवर भांडी घासणाऱ्या किती बायका मोजणीत आल्या असतील, असा विचार माझ्या मनात येतो. आणि सव्वाशे निवारे तर आजही नाहीत.

१९८१च्या जुलैत मी दहावीत होते. मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं जाहीर केलं आणि भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी काही माणसं न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ला निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. फुटपाथवर राहायचा हक्क मात्र दिला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभा ठेवली. पण त्याच निकालात हेही आहे की ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही, पावसाळा सरू द्यायचा. कायद्याचे विद्यार्थी पहिलं वाक्य पाठ करतात. मला मंगळवारपासून हे दुसरंच आठवतंय.

नऊही घरांच्या उरलेल्या कागदांच्या झेरॉक्स आता माझ्या कपाटात आहेत. ज्यांची पिशवी गेली त्यांच्याबरोबर सोमवारी आधार केंद्रावर जाणार आहे.

सातवीच्या पुस्तकांचा संच कुणाकडे असेल तर कळवा. मराठी माध्यम. वह्या मी घेतल्या आहेत, दप्तरही चालेल.